महालक्ष्म्यांपुढचा लंगडा जमादार

कस्तुराकाकूंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही. पाणी म्हणजे पूर्णा नदी, नाहीतर कालवा, नाहीतर विहीर, एवढीच त्यांची ओळख. तरी पण त्यांच्याकडं दोन जहाजं, एक होडी आणि एक बेट होतं. ताडकळसात एवढी इस्टेट दुसऱ्या कुणाकडं असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी पाथरीहून या घरात सून म्हणून आले तेव्हा घराच्या वाटण्या झालेल्या होत्या. थोरले किशनराव माझे सासरे, पार्वतीबाई माझ्या सासूबाई. धाकले बन्सीधरकाका, आणि कस्तुराकाकू त्यांची बायको. शेत वाटलं, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले. मधल्या अंगणात भिंत घातली आणि तिला एक दार ठेवलं, कारण भांडायला यायला-जायला वाट लागतेच. वाटल्या नाहीत त्या फक्त महालक्ष्म्या. भाद्रपदात येणाऱ्या त्या दोघी, थोरली आणि धाकली, त्यांचे पितळी मुखवटे आणि त्यांची दोन बाळं, सगळं थोरल्या घरी. तसा रिवाजच आहे.

आणि थोरल्या घरी राज्य सासूबाईंचं. महालक्ष्म्यांपुढं आरास मांडायची ती त्यांनी. बाळांना खेळायला म्हणून पुढं खेळणी ठेवतात, तीही त्यांचीच: प्लॅस्टरचे दोन हंस, काचेची द्राक्षं, मान हलवणारा म्हातारा. काकूंचं काम चुलीपाशी. तीस वर्षं त्या बाईनं पुरण वाटलं आणि सोळा भाज्या चिरल्या. पण आरासीत तिची म्हणून एक वाटीसुद्धा कधी लागली नाही. काकू बोलायच्या नाहीत. फक्त हळदीकुंकवाला बाया आल्या की दारात उभ्या राहून, पदराला हात पुसत आरासीकडं बघायच्या. मला ते बघवायचं नाही.

सासूबाईंचे दोन कायदे होते. पहिला असा, की एकदा आरासीत मांडलं ते दरवर्षी मांडायचं, मोडायचं नाही. एका वर्षी कुणीतरी गडबडीत कंदिलाची काच तिथं विसरलं. तेव्हापासून काच दरवर्षी मांडतात. घरात आता कंदील राहिला नाही, पण काच आहे. दुसरा कायदा खंडिताचा. टवका उडालेलं, मोडलेलं, तुटलेलं काहीही देवीपुढं चालायचं नाही. एका बाहुलीचं बोट गेलं तर तिला पिशवीत घालून सासरे पूर्णेत सोडून आले होते. बसचं तिकीट काढून.

काकूंच्या भावाचा मुलगा पंडित, राणीसावरगावचा. तो मस्कतला एका बड्या असामीच्या घरी गाडी चालवायचा. नव्वद साली सुट्टीवर यायच्या आधी त्यानं सगळ्यांना काय काय आणू म्हणून विचारून घेतलं. कुणी टेप सांगितला, कुणी घड्याळ, सासऱ्यांनी बॅटरी. काकू म्हणाल्या, "तिथं समिंदर हाय म्हणतेत. त्यातलं कायतरी आण."

"बाटलीत पाणी भरून आणू का आत्या?"

"पाणी कशाला? पाण्यावरचं आण."

पंडित आला तो एक मिठाईचा डबा घेऊन. आत मिठाई नव्हती. रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे ठोकळे होते, कुणी हरभऱ्याएवढे तर कुणी आगपेटीएवढे, एकात एक बसणारे. मालकाच्या पोरांनी खेळून टाकलेलं जहाज होतं ते, सगळं सुटं झालेलं. सोबत जहाज कसं जोडायचं त्याचं एक पुस्तक.

बन्सीधरकाकांनी डब्यात हात घातला आणि कपाळाला लावला. "लोकं तिकडून सोनं आणायलेत आन आमच्या पाव्हण्यानं इटा आणल्या!"

तेव्हापासून त्या ठोकळ्यांना आमच्या घरी इटाच म्हणतात.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी दुपारी सूप काढलं. इटा सुपात घेतल्या, तूर निवडावी तशा निवडल्या आणि रंगवार परातीत लावल्या. पुस्तकात अक्षर एकही नव्हतं, नुसती चित्रं. काकूंना अक्षर येत नव्हतं, त्यामुळं काहीच अडचण आली नाही. फक्त एके ठिकाणी पुस्तकाची दोन पानं चिकटलेली होती. त्यामुळं जहाज अर्धं झाल्यावर एका अंगाला कललं. काकूंनी ते सगळं उकललं. घट्ट बसलेल्या इटा दातांनी काढल्या, आणि पाण्याचा हात लावून पानं सोडवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या आठवड्यात बन्सीधरकाकांना तीनदा करपलेली भाकरी मिळाली. एकदा पहाटे बैलांना वैरण टाकायला उठले आणि अनवाणी पाय नेमका एका इटेवर पडला. त्यांचं ओरडणं भिंतीपलीकडं आम्हाला ऐकू आलं. "बाभळीचा काटा परवडला, पर तुझं हे घरकुल नको!"

"आधी इट मोडली का बगा," आतून काकूंचा आवाज आला. "लाल व्हती ती, जहाजाच्या पुढची."

मालकाच्या पोरांनी हरवलेल्या वस्तू काकूंनी घरातून भरून काढल्या. मधल्या डोलकाठीचं टोक ज्वारीच्या धाटाचं, दोऱ्या पोत्याच्या सुतळीच्या, फाटलेलं शीड जुन्या चोळीच्या खणाचं. महिन्याभरात परातीएवढं जहाज उभं राहिलं. तोफा, शिडी, सोन्याच्या नाण्यांची पेटी, एक राघू आणि एक माकड. वर पाच-सहा माणसं, अंगठ्याएवढी. काकूंच्या दोन्ही लेकी माहेरपणाला आल्या तेव्हा त्यांच्या पोरांना ते जहाज दाखवलं, पण हात पाठीमागं बांधायला लावून.

आता गोची अशी होती, की ते जहाज साधं नव्हतं. काळ्या झेंड्यावर पांढरी कवटी होती. आणि सगळ्यांचा म्होरक्या, मोठी टोपी घातलेला, त्याला काकू जमादार म्हणायच्या, त्याचा एक डोळा पट्टीनं झाकलेला, एका हाताच्या जागी आकडा आणि एका पायाच्या जागी नुसती काडी.

भाद्रपद लागला तसं काकूंनी भिंतीतलं दार उघडलं. जहाज परातीत घेऊन त्या सासूबाईंपुढं उभ्या राहिल्या. "बाई, यंदा आरासीत हे ठेवावं म्हणते. बाळं खेळतील."

सासूबाईंनी चष्मा लावला. जहाजाभोवती एक फेरी मारली. "हे लोकं कोण?"

खोटं बोलणं काकूंना कधी जमलं नाही. "पंडित म्हणला, दरोडेखोर हायत. समिंदरात लुटतेत."

"म्हंजे लक्ष्मीपुढं दरोडेखोर बसवायचे? तिजोरी उघडून चोराला म्हणायचं, बस बाबा?"

"त्यांनी लुटून आणलंय ना बाई. पेटीत सोनं हाय बगा. लक्ष्मीकडंच घेऊन आलेत."

"आन ही कवटी?"

"महाकालीच्या गळ्यात काय शेवंतीची माळ असती?"

वादात मागं राहणं सासूबाईंना अजिबात सोसायचं नाही. त्यांचं लक्ष जमादारावर गेलं. त्यांनी त्याला चिमटीत धरून उजेडात नेलं. "एक पाय न्हाई. एक हात न्हाई. डोळा गेलेला. त्या पोरांनी मोडलाय ह्याला. खंडित! कस्तुरे, हे आधी पूर्णेत सोड, मग माझ्याशी बोल."

काकू परत गेल्या. त्या संध्याकाळी मी मीठ मागायच्या निमित्तानं गेले तर त्या जमादाराला पाय बसवायच्या खटपटीत होत्या. त्या माणसांचे दोन्ही पाय कमरेसकट निघायचे. काकूंनी एका पट्ट्यापट्ट्याच्या सदऱ्यावाल्या खलाशाचे पाय काढून जमादाराला लावले. जमादार धड झाला, खलाशी लंगडा. मग खलाशाला दुसऱ्याचे, दुसऱ्याला तिसऱ्याचे. जहाजावरच्या सगळ्यांचे पाय फिरून झाले आणि काडीचा पाय पुन्हा जमादाराकडं आला. "नर्मदे," काकू मला म्हणाल्या, "कुणीतरी एक लंगडा राहतोच बग."

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हंसांची पेटी उघडली. दमट हवेनं एका हंसाची मान गळून पडलेली. खंडित. जोडीतला एक गेला म्हणजे दुसराही गेला. डाव्या बाजूची जागा रिकामी. मुखवटे यायला घटकाभर वेळ राहिलेला, आणि ताडकळसच्या बाजारात त्या वेळी हंस कुठून मिळणार? सासूबाईंनी रिकाम्या जागेवरची धूळ पदरानं पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जा, आण तिचं ते गलबत. झेंडा झाकायचा. आन ते खंडित माझ्या डोळ्यापुढं नको."

झेंड्यावर काकूंनी खणाची चिमुकली झूल घातली. जमादाराला मात्र पूर्णेत सोडायला त्यांचं मन होईना, म्हणून त्याला जहाजाच्या पोटात, फळ्यांखाली ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाचा नैवेद्य झाला तेव्हा काकू जहाजापाशी वाकून काहीतरी करताना मला दिसल्या. तोफेच्या भोकातून त्या पुरणाचा एक कण आत ढकलत होत्या.

"काकू, काय करायलात?"

"तो आत हाय ना. सणाच्या दिवशी माणसाला उपाशी ठेवावं का?"

हळदीकुंकवाला त्या वर्षी नेहमीपेक्षा दुप्पट बाया आल्या. शेजारच्या चांगुणाबाईंनी दारातूनच सांगितलं, "पार्वतीबाई, जहाज लय झाक बसलंय बगा."

"आन महालक्ष्म्या?" सासूबाईंनी विचारलं.

"त्या तर दरसालच असतेत की."

पुढच्या वर्षी सासूबाईंनी परभणीहून नवे हंस आणले, जहाजापेक्षा मोठे. काकू जहाज घेऊन आल्या तर म्हणाल्या, "आता कामून आणलंस? हंस आले की."

काकूंनी तोंड अगदी गरीब केलं. "मला काय बाई, मी घेऊन जाते. पर एकदा मांडलं की दरसाल मांडावं लागतं म्हणून तुमीच सांगितलं व्हतं. देवीचा कोप झाला तर मला बोल लावू नका." आणि जाता जाता कंदिलाच्या काचेकडं एक नजर टाकली.

स्वतःच्या कायद्यात स्वतःच सापडलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जहाज बसलं. त्या वर्षी पंडितनं ओळखीच्या माणसाबरोबर एक बेटही पाठवलं होतं, ताडाचं झाड, होडी आणि पाण्यातला दात विचकलेला मोठा मासा. सासूबाईंनी त्याला मगर ठरवलं. मगर गंगेचं वाहन, म्हणून तीही बसली. माकडाला तर त्यांनी आपल्या हातानं शेंदूर लावला. जमादार मात्र फळ्यांखालीच राहिला.

ब्याण्णवच्या आषाढात सासूबाई पडल्या. अंगणात, भिंतीतल्या त्याच दारापाशी, शेणावरून पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसट्या नव्हत्या. आम्ही त्यांना ट्रॅक्टरमध्ये गादी घालून परभणीला नेलं. वाटभर पाय काकूंच्या मांडीवर होता. पाय नीट धरता येत नाही म्हणून सासूबाई काकूंना वाटभर बोलत होत्या, आणि काकू प्रत्येक खड्ड्याला ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होत्या.

प्लॅस्टर निघालं, पण पाय सरळ झाला नाही. हातात काठी आली. बाभळीची, टोकाला लोखंडी टोपी बसवलेली, घरात फिरताना टक टक वाजणारी. सासूबाईंचं बोलणं त्या महिन्यांत फार कमी झालं. आम्हाला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली.

पोळा झाल्यावर त्यांनी काकूंना बोलावलं. मी तिथंच होते. महालक्ष्म्यांचे मुखवटे फडक्यात बांधून पुढ्यात ठेवलेले होते.

"कस्तुरे, हे घेऊन जा. यंदापासून तुझ्याकडं बसव."

"कामून?"

"मी आता खंडित झाले. बाहुलीचं बोट गेलं तर मी ठेवली न्हाई. माझा तर पायच गेला. देवीपुढं मी कोणत्या तोंडानं उभी राहू?"

त्यांनी हे रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. काकूंनी मुखवट्यांना हात लावला नाही. भिंतीचं दार ढकलून सरळ आपल्या घरी निघून गेल्या.

गावात ही गोष्ट लपायची नव्हती. बन्सीधरकाका खूश. "तीस वर्षांनी नंबर लागला तुझा," म्हणत होते. काकू चुलीपुढं बसून राहिल्या. "असं मिळालेलं मला नको," एवढंच म्हणाल्या. मला विचाराल तर त्या दिवशी मला काकूंचा जितका अभिमान वाटला तितका माझ्या आईचाही कधी वाटला नव्हता. पण अभिमानानं प्रश्न सुटत नाही. सासूबाई शब्द माघारी घ्यायच्या नाहीत आणि काकू मुखवटे घ्यायच्या नाहीत. त्या वर्षी महालक्ष्म्या दाराबाहेरच राहतात की काय, अशी वेळ आली.

अशात पंडित सुट्टीवर आला. या खेपेला त्यानं आत्यासाठी स्वतः दुकानातून जहाज विकत आणलं होतं. कोरा करकरीत खोका, कुणाचा हात न लागलेला, आत सगळं बंद पिशव्यांमध्ये. काकूंचं मन नव्हतं, पण कोऱ्या खोक्यापुढं किती वेळ रुसणार? त्यांनी एक पिशवी दातांनी फाडली. सुपात इटा पडल्या. दुसरी फाडली. तीतून एक टोपी पडली, मग आकडा, मग कंबर. एका बाजूला पाय, दुसऱ्या बाजूला काडी.

काकूंनी ती कंबर तळहातावर घेतली आणि उलटसुलट करून बघितली. "पंडित, हा कुणी मोडला रे?"

"कुणी न्हाई आत्या. कारखान्यातूनच असा निघतो."

"पिशवी तर बंद व्हती."

"तेच सांगायलो. जगात जितकी अशी जहाजं हायत तितक्यांवर हा असाच असतो. हाच तर म्होरक्या त्यांचा. लंगडा हाय म्हणूनच सगळे त्याला भितेत."

काकू उठल्या. फाटलेली पिशवी, कंबर, पाय सगळं पदरात घेतलं आणि दारातून थोरल्या घरी आल्या. सासूबाई बाजेवर बसलेल्या होत्या. काकूंनी पदर त्यांच्यापुढं झटकला.

"बगा! बंद पिशवीतून निघालाय. कुणी मोडला न्हाई. असाच घडवलाय त्याला!"

सासूबाईंनी ती काडी बघितली. "कारखान्यानं घडवलाय त्याला. मला कुणी असं घडवलं न्हाई. मी पडले, कस्तुरे."

"पडलात तर पडलात! जीभ तर न्हाई ना पडली?" काकूंचा आवाज चढला. सासूबाईंपुढं तो चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तुमचं ऐकून मी दोन वर्स ह्याला फळ्याखाली कोंडला. जहाज ह्याचं, माणसं ह्याची, आन हाच अंधारात! आता तुमालाबी कोंडू का? तुमी आत कोंडून घेणार आन मी वर मिरवणार? लाज वाटंल मला त्या दोघींपुढं. बसतील तर तुमच्या हातानं इथं बसतील, न्हाईतर यंदा माझ्याकडं पुरण शिजणार न्हाई."

बोलून झाल्यावर काकूंनाच रडू फुटलं. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून तो मात्र बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "त्या झेंड्यावरची झूल काढू नको म्हंजे झालं."

महालक्ष्म्या येणार हे आम्हाला त्यावरून कळलं.

आरास त्या वर्षी दोघींनी मिळून मांडली, म्हणजे दिवसभर भांडण चाललं होतं. जुनं जहाज डावीकडं, नवं उजवीकडं. जुना जमादार फळ्यांखालून निघाला आणि दोघे जमादार आपापल्या जहाजाच्या टोकावर उभे राहिले, राखणदारासारखे. हंस मागं गेले. कंदिलाची काच होती तिथंच राहिली.

आता मुखवटे तुळशीपासून आत आणायचे होते. आमच्याकडं अंगणापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढतात, आणि घरातली एक बाई प्रत्येक उंबऱ्याशी विचारते, 'महालक्ष्मी आल्या, कशाच्या पावलानं आल्या?' मुखवटे आणणारीनं सांगायचं, 'सोन्याच्या पावलानं.' दरवर्षी थोरला मुखवटा सासूबाई आणायच्या आणि धाकला मी. काकू चुलीपाशी असायच्या. त्या वर्षी सासूबाईंनी धाकला मुखवटा माझ्या हातातून काढून काकूंना दिला. "तू विचारायचं काम कर," मला म्हणाल्या.

दोघी निघाल्या. सासूबाईंच्या एका हातात मुखवटा, छातीशी धरलेला, दुसऱ्या हातात काठी. बाजूला काकू. पाऊल आणि टक, पाऊल आणि टक. ओसरीच्या उंबऱ्याशी मी विचारलं, "महालक्ष्मी आल्या, कशाच्या पावलानं आल्या?"

"सोन्याच्या पावलानं," दोघी म्हणाल्या. पण सासूबाईंचा आवाज खोल गेलेला. टक टक करत देवघराच्या उंबऱ्यापाशी आल्या. मी पुन्हा विचारलं. सासूबाई थांबल्या. खाली काठीकडं बघितलं, समोर जमादारांकडं बघितलं. देवीपुढं खोटं बोलायचं नाही हा त्यांचा तिसरा कायदा असावा, कधी सांगितला नव्हता एवढंच.

"तीन सोन्याच्या," त्या खणखणीत म्हणाल्या, "आन एका लाकडाच्या!"

काकूंना हसू आवरेना. हातातला मुखवटा गदगद हलायला लागला.

"मुखवटा सांभाळ," सासूबाई ओरडल्या, "खंडित हुईल!" आणि मग त्याही हसायला लागल्या. देवघराच्या उंबऱ्यावर, मुखवटा छातीशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आता दोघीही नाहीत. जहाजं आहेत, जमादार आहेत, खणाची झूल तीनदा बदलली. आता मुखवटे मी आणते आणि उंबऱ्याशी माझी सून विचारते. लग्न होऊन आली त्या वर्षी माझं उत्तर ऐकून ती गोंधळली. माहेरी असं नसतं म्हणाली. मी तिला सांगितलं, बाई गं, या घरात एकदा म्हटलं की दरवर्षी म्हणावं लागतं. आमच्याकडं महालक्ष्म्या येतात त्या तीन सोन्याच्या आणि एका लाकडाच्या पावलानंच येतात.